अनावर रागाची सबब

रागाबद्दलची एक समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिला कोणी समजूत म्हणतही नाही. राग मनात साठतो, साठत साठत वर येतो आणि वेळीच वाट करून दिली नाही तर त्याचा स्फोट होतो. प्रेशर कुकरकडे पाहून सुचलेले हे मानसशास्त्र. ‘मनात ठेवू नकोस, एकदाचं बोलून टाक’, ‘आदळआपट करू दे त्याला, होईल शांत’ हे सल्ले त्यातूनच येतात. मोठ्या शहरांत पैसे घेऊन बाटल्या आणि जुने टीव्ही फोडू देणाऱ्या खोल्या निघाल्या आहेत, त्याही त्याच समजुतीवर चालतात. एवढ्यावर भागले असते तर फार बिघडले नसते. पण राग ही वाफ असेल, तर स्फोट झाल्यावर दोष कोणाला द्यायचा? कोणालाच नाही. मारणारा माणूस ‘राग अनावर झाला’ एवढे बोलून सुटतो आणि ऐकणारे समजुतीने मान डोलावतात.

हे चित्र जीवशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. समोर कोण आहे, आपण वरचढ ठरू का, उलट मार बसेल का, बघणारे काय म्हणतील, याचा हिशेब मेंदू क्षणार्धात करतो. त्या हिशेबावर हात उठतो किंवा खिशात राहतो. हिशेब बहुधा नकळत होतो, पुष्कळदा साफ चुकतो, पण होतो. हे एकदा मान्य केले की रागाला ‘वाट करून देण्याचे’ सगळे उपाय निकामी ठरतात आणि ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही ते उपाय पुढे येतात.

वाफेचा सिद्धान्त आला कुठून

या समजुतीला शास्त्रीय पोशाख चढवणारे तीन मोठे लोक. ब्रॉयर आणि फ्रॉईड यांनी 1895 साली उन्मादावरच्या पुस्तकात दडपलेल्या भावनांचा निचरा झाला की रुग्ण बरा होतो, अशी मांडणी केली. पुढे कोनराड लोरेन्त्स या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने 1963 मध्ये आक्रमकतेवर एक गाजलेले पुस्तक लिहिले. प्राण्यात आक्रमक ऊर्जा आपोआप साठत राहते आणि ती खेळांसारख्या निरुपद्रवी मार्गांनी काढून टाकली पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. लोरेन्त्सला 1973 मध्ये नोबेल मिळाले. हंसांवरचे त्याचे काम अस्सल होते. पण हंसांवरून माणसांवर येताना त्याने जी उडी मारली तिला पुराव्याचा आधार नव्हता. ज्या ऊर्जेची टाकी तो गृहीत धरत होता ती मेंदूत कोणाला सापडलेली नाही.

निचऱ्याचा सिद्धान्त तपासणे तसे सोपे आहे. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2002 साली 600 विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाने लिहिलेल्या निबंधावर कोणीतरी अपमानास्पद शेरे मारले आहेत, असे त्यांना दाखवण्यात आले. मग काहींना शेरे मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितले, आणि उरलेल्यांना नुसते बसवून ठेवले. चेहरा आठवून ठोसे मारणारे शेवटी सर्वांत जास्त चिडलेले होते आणि संधी मिळताच त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सर्वांत जास्त त्रास दिला. नुसते बसून राहिलेले सर्वांत कमी आक्रमक होते. 2024 साली याच विषयावरच्या 154 अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले, दहा हजारांहून अधिक माणसांचे. श्वसन, ध्यान, शिथिलीकरण अशा शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो, उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत होत नाही, असा निष्कर्ष निघाला. धावण्याने तर राग थोडा वाढलाच.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. डॉल्फ झिलमन याने 1970 च्या दशकाच्या आरंभीच दाखवले होते की व्यायामाने वाढलेली धडधड पुढच्या काही मिनिटांत मिळालेल्या चिथावणीला जाऊन मिळते. शरीर तापलेलेच असते. मेंदू त्या तापण्याचे श्रेय समोरच्या माणसाला देतो. शिवाय ठोसा मारण्याची प्रत्येक खेप ही ठोसा मारण्याची तालीमच असते.

पहिली पायरी: राग आणि हल्ला वेगळे

स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर हेस याने मांजरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात बारीक तारा बसवून विजेचा सौम्य प्रवाह सोडला. मांजर फिस्कारले, केस उभे राहिले, पंजा उगारला गेला. मेंदूच्या तळाच्या कार्यावरच्या संशोधनासाठी हेसला 1949 मध्ये नोबेल मिळाले. पुढे 1960 च्या दशकात येल विद्यापीठात जॉन फ्लिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तार थोडी हलवून दुसऱ्या जागी बसवली की तेच मांजर आवाज न करता, केस न फुलवता उंदरापाशी जाते आणि त्याच्या मानेचा चावा घेते. पहिल्या हल्ल्यात रागाची सगळी लक्षणे होती. दुसऱ्यात रागाचा मागमूस नव्हता.

माणसातही हे दोन प्रकार आहेत. एक तापलेला, चिथावणीला उत्तर म्हणून आलेला. दुसरा थंड, काहीतरी मिळवण्यासाठी योजलेला. एड्रियन रेन याने 1998 मध्ये खुनी व्यक्तींच्या मेंदूची चित्रे तपासली तेव्हा भरात खून करणाऱ्यांच्या कपाळामागच्या भागाचे, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे काम मंदावलेले आढळले. योजून खून करणाऱ्यांचा तो भाग बऱ्यापैकी ठीक होता. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम याच्या मते तर माणूस हा प्राणी पहिल्या प्रकारात चिंपांझीच्या तुलनेने फार सौम्य आणि दुसऱ्या प्रकारात फार पुढारलेला आहे. अनोळखी शेकडो माणसे लोकलच्या एका डब्यात छातीला छाती लावून तासभर उभी राहतात आणि बहुतेक दिवशी कोणी कोणाला चावत नाही. चिंपांझींचा असा डबा विरारला धड पोहोचणार नाही. पण दंगलीची आखणी, सुपारी, युद्ध हे सारे थंड डोक्याचे काम, आणि त्यात आपला हात धरणारा दुसरा प्राणी नाही.

हा भेद कायद्याला मेंदूशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होता. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीमुळे माणसाचा ताबा सुटला असेल तर तो खून ठरत नाही, असा अपवाद भारतीय दंडसंहितेच्या कलम 300 मध्ये होता. भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. मुंबईतला नानावटी खटला याच अपवादाभोवती फिरला. एप्रिल 1959 मध्ये नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरावर, प्रेम आहुजावर, गोळ्या झाडल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सहानुभूती सगळी त्यांच्या बाजूने होती. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. न्यायालयाने घड्याळाकडे पाहिले. दीडच्या सुमारास नानावटी घरातून निघाले, बायकोमुलांना चित्रपटगृहापाशी सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतले, आणि खून झाला चार वाजून वीस मिनिटांनी. एवढ्या वेळात मन ताब्यात यायला पुरेसा अवधी होता, असे न्यायालय म्हणाले. शरीरशास्त्रही हेच सांगेल. अ‍ॅड्रिनलिनचा जोर काही मिनिटांत ओसरू लागतो आणि कॉर्टिसोल साधारण अर्ध्या तासाच्या आत शिखर गाठून उतरणीला लागते. तीन तासांनंतर जो उरतो तो रागाच्या आठवणीवर उभा राहिलेला निर्णय असतो. ज्युरीला ही गोष्ट दिसली नाही, कारण ज्युरीच्या डोक्यात वाफेचेच चित्र होते.

दुसरी पायरी: मेंदूतले बटण आणि त्यावरचा पहारा

‘पण मेंदूत रागाचे केंद्र असतेच ना?’ असे कोणी म्हणेल. असते. 2011 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दायू लिन आणि डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने नर उंदराच्या हायपोथॅलॅमसमधल्या ठरावीक पेशी प्रकाशाने उद्दीपित केल्या. दिवा लागला की उंदीर माद्यांवर, एरवी ज्यांच्यावर नर हल्ला करत नाही त्यांच्यावर, तुटून पडे. फुगवलेला रबरी हातमोजा समोर ठेवला तर त्यालाही चावे. वृत्तपत्रांना एवढे पुरेसे झाले. पण त्याच प्रयोगातली दुसरी नोंद अधिक मोलाची आहे. उंदीर समागमात गुंतला की याच पेशी दबून जात आणि तेव्हा दिवा लावूनही हल्ला घडवणे अवघड होई. बटणावर पहारा आहे, आणि पहारा प्रसंग पाहून उठतो-बसतो.

बटणाच्या मोहाने पूर्वीही माणसे फसली आहेत. होसे डेलगाडो याने 1960 च्या दशकात स्पेनमध्ये धावून येणाऱ्या बैलाला रेडिओच्या साहाय्याने जागीच थांबवले आणि जगभर नाव मिळवले. बैलाचा राग शमला की त्याचे शरीर नुसते एका बाजूला वळले, हा प्रश्न टीकाकारांनी तेव्हाच विचारला होता. आपल्याकडे मद्रासमध्ये बालसुब्रमणियम आणि राममूर्ती यांच्या चमूने 1960 आणि 70 च्या दशकांत अतिचंचल आणि हिंसक ठरवलेल्या शेकडो रुग्णांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भागावर शस्त्रक्रिया केल्या. त्यांत लहान मुलेही होती. आज ते वाचताना अंगावर काटा येतो, तो त्या डॉक्टरांच्या हेतूंमुळे नव्हे. वागणे कशाने घडते हा सगळा प्रश्न कवटीच्या आत आहे, असे इतक्या निश्चिंतपणे मानले गेले, याचा तो काटा असतो.

तिसरी पायरी: संप्रेरके आणि जनुके काय करतात

टेस्टोस्टेरॉन म्हणजे हिंसा, हे समीकरण जाहिरातींपासून न्यायालयापर्यंत सगळीकडे चालते. पक्ष्यांवर काम करणाऱ्या जॉन विंगफील्डने 1990 मध्ये नात्याची दिशाच उलटी दाखवली: नराचे टेस्टोस्टेरॉन आव्हान आले की वाढते, आणि आव्हानाच्या काळात स्थान टिकवण्यासाठी जे लागेल ते वागणे पुढे ढकलते. पक्ष्यांच्या जगात ते वागणे बहुधा भांडण असते. माणसाच्या जगात ते कधी कधी उदारपणाही असू शकतो. 2010 मध्ये झुरिकमध्ये झालेल्या प्रयोगात स्त्रियांना पैशांच्या वाटणीचा खेळ खेळायला लावले. ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरॉन दिले होते त्यांनी अधिक न्याय्य वाटणी देऊ केली. आपल्याला ते मिळाले आहे असा ज्यांचा नुसता समज होता, त्या अधिक अन्यायाने वागल्या. संप्रेरकापेक्षा त्याची दंतकथा जास्त आक्रमक निघाली.

जनुकांची गोष्ट अशीच. दोन वाय गुणसूत्रे असलेले पुरुष हिंसक असतात, अशी आवई 1965 नंतर उठली. 1976 मध्ये डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहणीने ती खोडून काढली. मग आले एमएओए. मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायने मोडणारे हे विकर ज्यांच्यात पूर्णपणे बंद आहे असे एक डच कुटुंब 1993 मध्ये नोंदले गेले आणि त्यातले पुरुष आवेगी, हिंसक होते. असा संपूर्ण अभाव अतिशय दुर्मीळ. पण याच जनुकाचा मंद चालणारा प्रकार कोट्यवधी लोकांत आढळतो, आणि माध्यमांनी त्याला ‘योद्धा जनुक’ म्हणून टाकले. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मापासून पाहणीखाली असलेल्या मुलांचा अभ्यास 2002 मध्ये आला तेव्हा दिसले की मंद प्रकार असलेली जी मुले लहानपणी छळली गेली होती, त्यांच्यात पुढे समाजविघातक वागणे जास्त होते. प्रेमाने वाढलेल्यांत तोच जनुक जवळजवळ मुका होता. तरीही 2009 मध्ये इटलीतल्या एका अपील न्यायालयाने या जनुकाचा आधार घेऊन एका खुन्याची शिक्षा वर्षभराने कमी केली. जनुकाचे म्हणणे ऐकताना बालपण ऐकायचे राहून गेले.

चौथी पायरी: हात कोणावर उठतो

आता मूळ मुद्द्याकडे. राग खरोखर अनावर होत असेल, तर तो समोर जो असेल त्याच्यावर कोसळायला हवा. तसे होत नाही. साहेबाने चारचौघांत पाणउतारा केला तर माणूस ‘हो सर’ म्हणतो आणि संध्याकाळी भाजीत मीठ कमी पडले म्हणून बायकोवर हात टाकतो. साहेबापुढे ज्या मेंदूने पहारा चोख ठेवला, तोच मेंदू घरी पहारा उठवतो. दारावरची बेल वाजून शेजारी आले की उगारलेला हात खाली येतो, आवाज नरमतो, चहा टाकायला सांगितले जाते. मारताना चेहरा टाळून पाठीवर मारणारे असतात; वळ कुठे दिसतील याचे भान त्यांना त्या ‘अनावर’ क्षणीही असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 या काळात, 18 ते 49 वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे मानणारे पुरुष सुमारे 44 टक्के होते आणि स्त्रिया 45 टक्के. हे दुसरे आकडे पहिल्याचे स्पष्टीकरण आहेत. समाजाने परवाना दिला आहे, आणि मेंदू परवाना वाचतो.

प्राणीही वाचतात. स्कॉटलंडजवळच्या रम बेटावर लाल हरणांच्या नरांचा अभ्यास क्लटन-ब्रॉक आणि अल्बन यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केला. माज चढलेले हे नर भेटले की लगेच शिंगे भिडवत नाहीत. आधी आळीपाळीने डरकाळतात, मग एकमेकांना समांतर चालतात, एकमेकांचा आवाका जोखतात. बहुतेक वेळा एकजण मुकाट्याने निघून जातो. मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांनी 1973 मध्येच गणिताने दाखवले होते की जो प्राणी सदासर्वदा लढतो त्याचा वंश टिकत नाही. उत्क्रांतीने आपल्याला दिलेली देणगी लढण्याची जितकी आहे तितकीच केव्हा लढू नये हे ओळखण्याची.

आणि हा परवाना बदलू शकतो. रॉबर्ट सपोल्स्की केनियातल्या बबूनांच्या एका टोळीचा अभ्यास करत असताना 1980 च्या दशकात पर्यटकांच्या निवासाजवळच्या उकिरड्यावरचे क्षयबाधित मांस खाऊन टोळीतले सर्वांत भांडखोर नर मेले, कारण उकिरड्यापर्यंत भांडत जाणारे तेच होते. उरलेली टोळी निवांत झाली. इथवर ठीक. पण दहाएक वर्षांनी टोळीत मूळचे नर कोणी उरले नव्हते, सगळे बाहेरून आलेले होते, तरी टोळीचा शांतपणा कायम होता. नवे नर बाहेरच्या राकट जगातून येत आणि काही महिन्यांत इथली रीत शिकत. बबूनांना जमले ते आपल्या गल्लीला का जमू नये?

तीन आक्षेप

पहिला: मग राग गिळायचा का? गिळलेला राग आत कुढत राहिला तर तोही घातकच; तीच गोष्ट मनात पुन्हा पुन्हा घोळवण्याने राग वाढतो, हे बुशमनच्या प्रयोगातच दिसते. पण राग सांगणे आणि राग काढणे यांत फरक आहे. ‘तुम्ही काल असे बोललात ते मला लागले’ हे शांतपणे सांगणे म्हणजे तक्रार. तिला उत्तर मिळू शकते. ताट भिरकावण्याला उत्तर मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. राग नसेल तर अन्यायाशी लढणार कोण? आक्रमकता आवरा, हा उपदेश बहुधा दुबळ्यांनाच केला जातो, हे खरे आहे. पण मार्च 1927 मधली महाडची अस्पृश्यांची परिषद आठवावी. चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा पसरवून जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्यांनी हल्ला केला. त्या दिवशी महाडात जमलेले हजारो लोक, त्यांत सैन्यातून निवृत्त झालेलेही, डॉ. आंबेडकरांच्या एका शब्दावर प्रतिहल्ला करू शकले असते. त्यांनी तो शब्द दिला नाही. तळ्याचा खटला त्यांनी उच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि 1937 मध्ये जिंकला. दहा वर्षे टिकलेल्या त्या रागाला कमी कोण म्हणेल? हल्लेखोरांचा राग संध्याकाळपर्यंत संपला असेल, आणि त्यातून त्यांनी काय मिळवले?

तिसरा: काही माणसे खरोखरच आजारी असतात. असतात. मेंदूला इजा, कपाळामागचा भाग झिजवणारे स्मृतिभ्रंशाचे प्रकार, काही मानसिक विकार यांत पहारा खरोखर मोडतो. एरवी शांत असलेला माणूस साठीनंतर अचानक भडकू लागला तर त्याला उपदेश करत बसू नये, मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे. अशा आजारात बहुधा माणसाचा नेम सुटतो: तो साहेबावरही ओरडतो, पोलिसावरही. जो फक्त घरी भडकतो त्याचा पहारा शाबूत आहे.

मग आवरायचे कशाने

सर्वांत मोठी संधी आपण जिथे शोधत नाही तिथे आहे. माँट्रियलच्या रिचर्ड ट्रम्बले यांनी हजारो मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. माणूस आयुष्यात सर्वांत जास्त मारझोड करतो ती तारुण्यात नव्हे, दोन ते चार या वयात. ढकलणे, चावणे, खेळणे हिसकावणे तेव्हा शिखरावर असते. जीव जात नाही एवढ्याचसाठी की हात लहान असतात. पुढे बहुतेक मुले मारू नये हे शिकतात. ‘मूल निष्पाप असते, हिंसा ते सिनेमातून शिकते’ हे लाडके वाक्य त्यामुळे उलटे करावे लागते: हिंसा घेऊनच मूल येते, शिकायचा असतो तो संयम. ज्या घरात भांडण मिटवण्याची रीत म्हणजे थप्पड, तिथे हा धडा अर्धवट राहतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तरी ‘छडी लागल्याशिवाय वळण लागत नाही’ असे अभिमानाने सांगणारे शिक्षक आणि पालक अजून भेटतात. वळण लागतेच, बलवानाने दुबळ्याला मारावे, हे.

मोठ्या मुलांसाठी सर्वांत बोलका पुरावा शिकागोचा. तिथल्या गरीब, हिंसेने पोखरलेल्या वस्त्यांतल्या शाळकरी मुलांसाठी ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा वर्ग चालतो. त्यातला एक खेळ असा: दोघांची जोडी, एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने अर्ध्या मिनिटात तो मिळवायचा. मुले एकमेकांवर तुटून पडतात. खेळ संपल्यावर शिक्षक विचारतात, ‘नुसता मागून का नाही पाहिला?’ मुले म्हणतात, मागितला असता तर तो मला नेभळट समजला असता. मग चेंडूवाल्याला विचारतात, त्याने मागितला असता तर? तो म्हणतो, दिला असता, चेंडूच तर आहे. हिशेब होता, फक्त चुकीचा होता. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक निवड करून केलेल्या दोन चाचण्यांत या वर्गामुळे हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका वर्ग चालू असताना 45 ते 50 टक्क्यांनी घटल्या. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया इथे रस्त्यावरच्या 999 गुन्हेगारीप्रवण तरुणांवर अशीच चाचणी झाली. विचार-वर्तन उपचार आणि सोबत थोडी रोख रक्कम मिळालेल्यांत चोऱ्या आणि हिंसा कमी झाली आणि दहा वर्षांनंतरही तो फरक दिसत होता. नुसत्या पैशाचा परिणाम टिकला नव्हता.

खेळ, कुस्ती, कराटे यांचे काय? तालमीत घाम गाळून राग निघून जातो, हे खरे नाही. चांगल्या तालमीत जे उपयोगी पडते ते वस्तादाचे नियम, रोजची शिस्त, आणि पडलेल्याला मारायचे नाही हा दंडक. नियम काढून घेतले तर उरते ते फक्त बळ, आणि बळ हिशेबाची बाजू बिघडवते.

क्षणाच्या पातळीवर उपाय दोनच, आणि दोन्ही कंटाळवाणे: वेळ काढणे आणि शरीर उतरवणे. जागा सोडावी, श्वास लांबवावा, उत्तराचा मेसेज लिहिला तरी पाठवू नये. दारू हे याच्या नेमके उलट. दारू राग निर्माण करत नाही. समोरच्या चिथावणीपलीकडचे काहीही दिसू देत नाही, म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवते.

विलंबाचे हेच तत्त्व समाजालाही लागू पडते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवडेच्या आठवडे अफवा फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तो उपाय अपुरा होता, उशिरा आला, पण योग्य जातीचा होता: कोणाच्या मनातला राग त्याने काढला नाही, फक्त रागाच्या आणि हाताच्या मधला रस्ता लांबवला. हेच काम आणखी हजार ठिकाणी करता येईल. रात्रीच्या दारूच्या दुकानांच्या वेळा, पोलिसपाटलाचा एक फोन, घरगुती हिंसेची तक्रार आल्याबरोबर बाहेर पडणारा संरक्षण अधिकारी. 2005 च्या कायद्याने हे अधिकारी नेमायला सांगितले आहे. पुष्कळ ठिकाणी ते काम दुसऱ्याच कामाच्या ओझ्याखालचा माणूस अतिरिक्त कार्यभार म्हणून सांभाळतो. मारणाऱ्याच्या हिशेबात ती रिकामी खुर्चीही धरलेली असते.

शिकागोच्या वर्गाचा एक तोटा मात्र लपवू नये. वर्ग बंद झाल्यावर अटकांमधला फरक ओसरत गेला. म्हणजे हा एकदा देऊन विसरण्याचा डोस नाही. वेळापत्रकात तास, त्यासाठी शिकवलेला माणूस आणि त्याचा पगार लागतो, दर वर्षी. आपल्या शाळांत मूल्यशिक्षणाचा तास आहेच. त्यात सुविचार लिहून घेण्याऐवजी मुलांच्या हातात एक चेंडू द्यावा, आणि तो मागून मिळतो का ते त्यांना पाहू द्यावे.